फुटावा म्हणून ओतलेला हॅमर

पर्समधून आधी चष्मा निघायचा, मग रुमाल, आणि मग लोखंडाचा एक फुटका तुकडा. तो बाई समोरच्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय दिसते?"

समोरचा माणूस कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. हळदीकुंकवाला आलेली बाई, सोसायटीचा सेक्रेटरी, लिफ्ट दुरुस्त करणारा, कोणीही. तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "लोखंड."

"लोखंड तर आहेच. फुटलं तिथं पाहा. दाणा पाहा."

मग त्या फुटलेल्या कडेवरून बोट फिरवून सांगायच्या. मखमलीसारखा मऊ, राखाडी दाणा असला की धातू चांगला जमला. खडीसाखरेसारखा चमकला की बिघडला. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जरा कुठे रस दिसू लागला की त्या हात पुढे करायच्या. "झालं पाहून? आणा इकडे." तुकडा पुन्हा पर्समध्ये जायचा, कारण दुसऱ्या दिवशी तो भट्टीत जायचा असे. त्यांनी तो तुकडा कोणालाही ठेवून घेऊ दिल्याचं मला आठवत नाही.

ओजस, तू परवा फोनवर म्हणालास, "आजी, दॅट्स ऑब्व्हियस." मी तुला काहीतरी समजावून सांगत होते आणि तू मला अर्ध्यातच तोडून ते म्हणालास. तुझं चुकलं असं नाही. तुमच्या वयात सगळं ऑब्व्हियस असतं. पण त्या शब्दानं माझं डोकं फिरतं, आणि ईरा विचारत होती की आजी एवढी का चिडली. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या बाबाला मी इंग्रजीत लिहिते, तुम्हाला मुद्दाम मराठीत. अडलं तर त्याला विचारा.

या बाई आमच्या मनीषनगरच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचं गाव कोळशाच्या खाणीला लागून, त्यामुळे लहानपणापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ आणि कानांवर खाणीचे भोंगे. नागपुरात धातुशास्त्र शिकल्या. वर्गात मुलगी एकच. नोकऱ्या केल्या, भांडून सोडल्या, आणि शेवटी नागपूरबाहेर वाडीच्या पुढे, ट्रकांच्या गोदामांमागे एक शेड घेऊन स्वतःची भट्टी टाकली. इमारतीत सगळे त्यांना भट्टीवाल्या मॅडम म्हणायचे. मी बाई म्हणायची. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून त्या मला प्रोफेसरबाई म्हणायच्या. म्हणताना किंचित हसायच्याही. इंग्रजी हा काही करण्यासारखा उद्योग आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शांत असल्या की त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या. चिडल्या की उमरेडचं. मी बहुतेक उमरेडचंच ऐकलं.

शेडवर नवा ग्राहक आला की खुर्चीत बसलेल्या या बाईकडे पाहून विचारायचा, "साहेब कुठे आहेत?" सुरुवातीला त्या रागवायच्या. पुढे त्यांनी उत्तर ठरवून टाकलं. भट्टीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "साहेब आतमधी आहेत. जा, भेटून या." एक जण खरंच चार पावलं गेला होता.

आता त्यांनी काय केलं ते सांगते. तुम्ही दोघंही शास्त्र शिकता, मी नाही. पण हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की माझं चुकणार नाही.

खाणीतून निघालेला कोळसा फोडायला क्रशर नावाचं यंत्र असतं. त्यात जड हॅमर गरगर फिरतात आणि कोळशावर आपटतात. हे हॅमर मँगनीज घातलेल्या पोलादाचे करतात. या पोलादाची खुबी अशी की जितका जोराचा मार बसेल तितकं ते वरून कडक होत जातं. दगड फोडायला उत्तम. पण कोळसा पडला मऊ. त्याच्या मारानं हॅमर पुरता कडक होतच नाही, आणि कोळशात मिसळलेले बारीक खडे त्याला खात राहतात. आईसक्रीमच्या कांडीसारखा तो झिजून जातो. बरं, कडक धातूचा करावा तर मोठा दगड आला की फुटतो, आणि फुटलेला तुकडा यंत्रात उडतो. त्या तरुणपणी एका क्रशरवर असताना असाच तुकडा उडून एका माणसाचा पाय गेला होता. तो माणूस त्यांच्याच गावचा होता. याबद्दल त्या एकदाच बोलल्या, आणि नंतर लगेच चहाला काय झालं म्हणून विचारलं.

तर त्यांना न झिजणारा आणि न फुटणारा हॅमर हवा होता. मँगनीज कमी करावं, म्हणजे कोळशाच्या माराला धातू कडक होईल, हे दुसऱ्या कोणीतरी आधी लिहून ठेवलं होतं. एका वेगळ्या धातूची चिमूट टाकली की दाणा बारीक होतो, हेही कोणीतरी वेगळ्या पोलादाबद्दल लिहिलं होतं. बाईंनी दोन्ही केलं आणि हॅमर फुटले. वर्षानुवर्षं फुटत राहिले. शेवटी त्यांनी कार्बन खाली आणला. त्या दोन्ही शोधनिबंधांत, बाईंच्या भाषेत कागदांत, बजावलेलं होतं की कार्बन याहून कमी कराल तर धातू मऊ पडेल, कामाचा राहणार नाही. बाईंनी तो त्याच्याही खाली नेला. आणि जमलं. जास्तीचा कार्बन दाण्यांच्या कडेकडेनं जमत होता आणि तडा तिथूनच जात होता. तो निघाला, आणि बाकी दोघांनी आपलं काम केलं.

वाचून झालं ना? आता म्हणा, ऑब्व्हियस.

त्या मिश्रणाचं पेटंट मागायचं ठरलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे जिना चढून आल्या. हातात स्वतः लिहिलेलं इंग्रजी. "व्याकरण पाहून द्या. अक्कल नका लावू." मी वाचलं. इतकं सोपं, सरळ लिहिलं होतं की मला त्यात काही करायला उरलंच नाही. पहिल्या वाक्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. अपयशांचा त्यात उल्लेख नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "रडगाणं कायले लिहायचं? जमलं ते लिहिलं." धरमपेठेतल्या वकिलांनी ते कायद्याच्या भाषेत बसवलं आणि अर्ज गेला.

दरम्यान एका मोठ्या कंपनीचे लोक वाडीला येऊन गेले. चांगले बोलले, चहा घेतला, कौतुक केलं, चाचणीसाठी म्हणून दोन हॅमर नेले. थोड्याच काळात त्या कंपनीचे हॅमर खाणींत दिसू लागले. बाईंनी त्यातला एक झिजलेला मिळवला, फोडला, दाणा पाहिला, आणि माझ्या डायनिंग टेबलावर आणून ठेवला. माझी टेबलाची काच तडकली. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"काय दिसते?"

इतक्या दिवसांत मलाही दिसू लागलं होतं. मी म्हटलं, "तुमचाच आहे."

आणि मग त्याच कंपनीनं पेटंट कार्यालयात बाईंच्या अर्जाला विरोध केला. म्हणणं एवढंच, की यात शोध कसला? एक कागद म्हणतो मँगनीज कमी करा. दुसरा म्हणतो चिमूट टाका. दोन्ही शेजारी ठेवले की झालं. त्या विषयात सामान्य कौशल्य असलेल्या कोणाही व्यक्तीला हे सहज सुचलं असतं. मूळ इंग्रजीत शब्द होता, ऑब्व्हियस.

मी आयुष्यभर इंग्रजी वाक्यं तपासली, पण त्या वाक्याइतका संताप मला दुसऱ्या कशानं आला नाही. सहज सुचलं असतं! अहो, मग तुमच्याकडे एवढे लोक पगार घेऊन बसले होते, त्यांतल्या एकाला तरी का सुचलं नाही? सुचण्यासाठी वाडीला चहा प्यायला का यावं लागलं?

बाईंनी हेच दोन शब्द कमी वापरून विचारलं. "सोपं होतं, मग केलं काहून नाही?"

तेव्हापासून ते त्यांचं पालुपद झालं. भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. मात्र कागदावरची ती 'सामान्य कौशल्य असलेली व्यक्ती' त्यांच्या डोक्यात घर करून बसली. वकिलांनी समजावलं की असा खरा माणूस नसतो, ही कायद्याची कल्पना आहे. या माणसानं जगातले सगळे कागद वाचलेले असतात, पण त्याला स्वतःची कल्पनाशक्ती नसते.

"राहते कोठी हा?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही, मॅडम. काल्पनिक आहे."

"त्याले घाम येते का नाही?"

वकील हसले. बाई हसल्या नाहीत. "त्याले मे महिन्यात वाडीले पाठवा. भट्टीपुढं उभा करते मी त्याले. मग पाहू काय सहज सुचते." पुढे कधी चहाला तिसरा कप उरला की त्या म्हणायच्या, "ठेवा तो. तुमच्या कुशल माणसाले." आणि खरंच झाकून ठेवायला लावायच्या.

सुनावणी व्हिडिओवर व्हायची होती. बाईंच्या घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे ती माझ्या डायनिंग टेबलावर झाली. तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. मी आदल्या दिवशी लॅपटॉपची जागा ठरवली, मागची भिंत मोकळी केली, कागदांना रंगीत खुणा लावल्या, दाराची बेल काढून ठेवली. बाई कडक स्टार्चची साडी नेसून आल्या. पडद्यावर अधिकारी, कंपनीचा वकील आणि आपले वकील. मी बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

कंपनीचा वकील फार गोड बोलत होता. म्हणाला, अर्जदार महिलेचा अनुभव आम्ही मानतो, पण त्यांनी स्वतःच इतक्या सुरेख रीतीनं पायऱ्या लिहिल्या आहेत की कोणीही विद्यार्थी त्यांवरून चढून जाईल.

म्हणजे बघा. समजेल असं लिहिलं हाच गुन्हा. गचाळ लिहिलं असतं तर मोठा शोध झाला असता.

अधिकारी बरे वाटले. त्यांनी नीट विचारलं, "हे दोन कागद एकत्र केले तर धातू फुटतो, असं तुमचं म्हणणं आहे. ते दाखवणारं काही आहे का?"

"फुटतो ना. मी स्वतः केलेलं आहे. किती तरी वेळा."

"ते फुटलेले नमुने? चाचण्या?"

बाईंचा हात पर्सकडे गेला आणि रिकामाच परत आला. 

"भट्टीत गेले," त्या म्हणाल्या.

हे तुम्हाला समजायला हवं. भट्टीच्या धंद्यात फुटका माल कोणी ठेवत नाही. तो पुन्हा वितळवायचा आणि नव्या ओतकामात घालायचा, ही तिथली रीतच आहे. आमच्या बाई तर त्याबाबतीत फारच कडक; पर्समधला तुकडासुद्धा त्या परत घ्यायच्या. त्यांचं सगळं अपयश वितळून त्यांच्याच चांगल्या हॅमरांत गेलं होतं. उरलं होतं ते फक्त जमलेलं, आणि जमलेलं नेहमीच सोपं दिसतं. अधिकाऱ्यांनी तुलनेच्या चाचण्या करून आणायला मुदत दिली.

लॅपटॉप बंद झाल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "प्रोफेसरबाई, आता मले मुद्दाम खराब माल काढा लागते."

ओतकामाच्या दिवशी मी हट्टानं वाडीला गेले. सुती साडी, पायात तुमच्या आजोबांचे जुने बूट. भट्टीवर गजूभाऊ होते. ते बाईंच्याच हाताखाली काम शिकलेले, केस पांढरे झालेले, बोलणं कमी. बाईंनी त्यांना सांगितलं की आज कंपनीनं दाखवलेल्या दोन कागदांप्रमाणे मिश्रण करायचं, कार्बन वरच ठेवायचा.

गजूभाऊंनी ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, हे फुटन."

"फुटलंच पाहिजे गा."

"मले आत्ताच दिसून राहिलं. पाण्यात टाकलं का तडकन."

"तेच तर पाहिजे आपल्याले!"

"मग ओतायचं कायले?"

बाईंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. कंपनी, कागद, अधिकारी. गजूभाऊ मान हलवत राहिले, पण चेहऱ्यावर असं दुःख की जणू त्यांना कोणाचं ताट लाथाडायला सांगितलं आहे. नवं मिश्रण पहिल्यांदा ओतायचं असलं की तिथे भट्टीपुढे नारळ फोडतात. गजूभाऊ नारळ हातात घेऊन थांबले.

"मॅडम, देवापुढं काय मागू?"

"माग का फुटू दे."

"असं कोणी मागते काय, बाप्पा?"

"माग म्हणते ना मी!"

ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी नारळ फोडला. खोबरं मलाही मिळालं.

भट्टीतला नमुना काढून यंत्रावर तपासला, मिश्रण अगदी कंपनीच्या कागदांबरहुकूम. मग पातळ धातू लॅडलमध्ये घेऊन साच्यांत ओतला. लॅडल म्हणजे दोघांनी धरायचं मोठं पातेलं समजा. त्या उजेडाकडे मला बघवत नव्हतं, पण बाई बघत होत्या, हात कमरेवर ठेवून. पुढे हॅमर पुन्हा तापवून पाण्यात बुडवण्याचा दिवस आला तेव्हाही मी गेले. लालभडक हॅमर पाण्यात गेले, वाफेनं शेड भरली. आम्ही कान देऊन उभ्या. तडा जाताना टक् असा आवाज येतो म्हणे.

आवाज आला नाही.

हॅमर बाहेर काढले. अखंड. बाईंनी मोठ्या घणानं एका हॅमरवर कितीतरी घाव घालायला लावले. फुटेना. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या मनात आलं, कंपनी खरंच बरोबर असेल तर? दोन कागद शेजारी ठेवले की हॅमर जमत असेल तर या बाईंची सगळी वर्षं कशात गेली?

त्यांनी त्या हॅमरचाच तुकडा काढून यंत्रावर लावला. आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग वळून इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर गोदामाशी ट्रकवाले थांबून पाहू लागले.

"गजूभाऊ! लॅडलमधी काय टाकलं?"

गजूभाऊ जमिनीकडे पाहत होते. "काही नाही, मॅडम."

"काही नाही तर कार्बन कोठी गेला? उडून गेला काय?"

"थोडीशी... साध्या लोखंडाची कातरण टाकली तळाले, कार्बन उतराले. अन् मँगनीज कमी पडू नाही म्हणून थोडं तेही."

"काहून?"

"फुटून राहिलं होतं ना मॅडम ते," गजूभाऊ म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तुम्हीच तर शिकवलं. माह्या हातून खराब माल नाही निघत."

बाईंनी आकड्यांचा कागद खाली ठेवला. मग त्या खाली, वाळूच्या ढिगावरच बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गजूभाऊंना काही कळेना, ते आणखीच ओशाळले. हसू आवरल्यावर बाई मला म्हणाल्या, "तो कंपनीचा वकील इथं असता ना, तर म्हणला असता, पाहा, यांच्या भट्टीवाल्यालेही सहज सुचते." मग एकदम गंभीर झाल्या. "ह्याले सुचते, कारण मी ह्याच्या डोक्यात घातलं. घालायच्या आधी कोणाले सुचत होतं?"

ओजस, मला जे समजावून सांगायला पानंच्या पानं लागली ते एवढंच आहे.

दुसऱ्या खेपेला बाई स्वतः लॅडलपाशी उभ्या राहिल्या आणि गजूभाऊंना हात मागे बांधून ठेवायला लावले. नारळ पुन्हा फोडला. या वेळी प्रार्थना बाईंनी स्वतः, मोठ्यानं केली. आणि हॅमर पाण्यात गेल्यावर वाफेच्या आतून तो आवाज आला. टक्. मग आणखी एक. बाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला. "फुटलं वं बाई, फुटलं!" मला वं म्हणणारी माझ्या आयुष्यात तेवढी एकच.

फुटलेला हॅमर उघडून पाहिला. आत खडीसाखर. दाण्यांच्या कडेकडेनं तडा. त्याचे फोटो, चाचण्या, सगळं मी क्रमानं लावून दिलं, आणि वकिलांनी दाखल केलं. हॅमर मात्र पुढे लागला तर म्हणून शेडमध्ये बाजूला ठेवला.

दुसऱ्या सुनावणीत कंपनीच्या वकिलानं काय म्हणावं? त्याच गोड आवाजात म्हणाला, "ठीक आहे, फुटतो. पण फुटल्यावर कार्बन थोडा कमी करून पाहणं ही तर रोजच्या कामातली गोष्ट आहे. त्यात शोध नाही."

आधी म्हणे जमतंच. नाही जमत हे दाखवलं तर म्हणे, जमवणं सोपं आहे. दोन्ही कागद ओरडून सांगत होते की कार्बन कमी करू नका, ते हा माणूस साफ विसरला. मला राहवलं नाही. मी बाईंच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात वाकले आणि माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत म्हटलं, "तुम्ही उत्तर वाचून झाल्यावर प्रश्न सोपा होता म्हणता आहात. माझ्या वर्गात याला कॉपी म्हणत."

कंपनीचा वकील पडद्याजवळ वाकला. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "या कोण?"

"मी शेजारीण," मी म्हटलं.

मला म्यूट करण्यात आलं. बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर थोपटलं. पहिल्यांदा त्यांना इंग्रजीचा काहीतरी उपयोग दिसला असावा.

निर्णय नंतर कळवू, असं सांगितलं गेलं. तो येता येईना. वाडीला कंपनीच्याच हॅमरांच्या खोक्यांनी भरलेले ट्रक शेजारच्या गोदामात लागत, आणि बाई शेडच्या दारात उभ्या राहून ती खोकी उतरताना पाहत. मला ते दृश्य अजूनही सहन होत नाही. पुढे त्यांना धाप लागू लागली. छातीत जन्मभराचा धूर बसला होता. दवाखान्यात मी जायची तेव्हा त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "आला का?" मी नाही म्हणायची. मग त्या सलाईनच्या स्टँडला टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि नर्सला सांगायच्या, "हलका माल आहे वं हा, सांभाळून." शेवटच्या भेटीत मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी भुवया उंचावल्या. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले, थकून नव्हे. वैतागून.

निर्णय त्या गेल्यानंतर आला. ज्या नेमक्या प्रमाणाचे हॅमर बाईंनी करून दाखवले होते, तेवढ्यापुरतं पेटंट मिळालं. अधिकाऱ्यांनी लिहिलं की हे सहज सुचण्याजोगं नव्हतं. पण त्या प्रमाणाच्या आजूबाजूचं जे मागितलं होतं ते काढून टाकलं, कारण तेवढ्याचे वेगळे पुरावे नव्हते. आणि कंपनीचे हॅमर बसतात कुठे? त्या रेषेच्या केसभर बाहेर. म्हणजे कंपनी आजही ते करते, विकते, आणि सगळं कायद्यानं ठीक आहे. रेषेच्या अलीकडे शोध, केसभर पलीकडे कोणालाही सुचेल. आता अपील बाईंच्या भाच्याच्या नावानं चाललं आहे. कागद मी लावते. हे काही मी चांगुलपणानं करत नाही. मला राग आला आहे, आणि तो उतरू द्यायचा माझा विचार नाही.

मागच्या महिन्यात काही सह्यांसाठी वाडीला गेले होते. शेड भाचा चालवतो. गजूभाऊ अजून भट्टीवरच आहेत. परतीच्या, म्हणजे पुन्हा वितळवायच्या मालाचा ढीग कोपऱ्यात होता, संध्याकाळच्या ओतकामात जायचा. आणि भट्टीच्या बाजूला, जिथे नारळ फोडतात तिथे, तो फुटका हॅमर ठेवलेला. पुसून, धूळ झाडून, तडा समोर दिसेल असा.

मी विचारलं, "गजूभाऊ, हा अजून भट्टीत नाही घातला?"

त्यांनी खांद्यावरच्या कापडानं तोंड पुसलं. "मॅडम असत्या तर ठेवू देला असता काय? ओरडल्या असत्या, माल काहून अडवून ठेवला म्हणून." ते भट्टीकडे वळले. "ओरडाले कोणी नाही, बाई. म्हणून राहिला."